दीडचे पाय

मी जेवणाचं टेबल बोलतोय, आणि गोड बोलायचा माझा मुळीच विचार नाही. ज्याच्यावर आजवर एक ताट लागलं नाही, त्याने कशाला गोड बोलावं?

आधी मी बैलांची बंडी होतो. माझ्या सागवानी फळ्यांवरून कापूस पांढरकवड्याला जायचा. दारात ट्रॅक्टर आला आणि मी गोठ्यामागे पडलो. धरमसिंगला माझी आठवण झाली ती त्याच्या बायकोचे, जमनीचे, गुडघे गेले तेव्हा. तिला खाली बसता येईना. वर्षभर ती ओट्याशी उभ्यानेच जेवत होती. आता समोरासमोर बसून जेवू, असं त्याने तिला कबूल केलं. तांड्यात पहिलं जेवणाचं टेबल आपल्या घरी, हा तोरा होताच. नुसत्या मायेने हा माणूस रंधा हातात घेणारा नव्हे.

फळ्या जोडून त्याने मला घडवलं. पाय मात्र स्टीलचेच हवे होते. पांढरकवड्यात धर्मपालचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्याला याने फोनवर सांगितलं, "दीडचे कर चारी पाय." झालं. धरमसिंग जन्मभर हाताने मोजत आला, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. धर्मपाल मोजतो फुटात. विचारायची गरज दोघांनाही वाटली नाही. असल्या शहाण्यांच्या हाती माझी उंची होती.

धर्मपालने अंगणात पाय बसवले. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आधीच आणून ठेवलेल्या. जमनी बसली, पण तिचे गुडघे माझ्याखाली जाईनात. कुंपणापलीकडे कोणीतरी फिसकन हसलं.

"दीड हात म्हन्लं होतं मी," धरमसिंग गुरगुरला.

"हात कोन मोजते काका आता? आना दुकानात, जोड लावून देतो."

"जोडाच्या पायाचं टेबल माह्या घरात नाही पाह्यजे."

जमनी खुर्चीचा हात धरून उठली. तिला वेळ लागला. "डॉक्टर माह्या गुडघ्यातबी लोखंड घालाचं म्हन्ते," ती म्हणाली. "मंग जोडाची बायको चालन का तुमाले?"

धर्मपालने हत्यारं गोळा केली. धरमसिंगने मला तसंच उचलून घरात नेऊन ठेवलं, आणि या गोष्टीला आता तीन महिने होतील.

तेव्हापासून जमनी माझ्यावरच बसते. बसायला ही उंची अगदी नेमकी आहे. ताट मांडीवर घेते आणि त्याच्याकडे पाठ करून जेवते. तो खाली फरशीवर बसतो. भाजी हवी असली की माझा पाय वाटीने वाजवतो. ती वळत नाही. भांडण यांचं आणि मार मी खायचा.

मला दोघांचाही संताप येतो, पण त्याचा जास्त. चार तुकडे जोडायला धर्मपाल आजही तयार आहे. एक फोन करायचा आहे, तेवढ्यासाठी हा माणूस रोज तिची पाठ बघत जेवतो. तुमच्यापैकी कोणाचं त्याच्याकडे जाणं झालं, तर त्याला सांगा. जोड पायाला लागेल, नाकाला नाही.