कान्हूभाऊचं तांबडं तीर्थ

रविवारी कान्हूच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. एरवी तो धाटावच्या कंपनीत कामाला. देवीसुद्धा त्याच्या अंगात शिफ्ट बघूनच येई. समोर कुत्रं चावलेली माणसं, चावलेली जनावरं आणि ती बघायला आलेलं अख्खं गाव. अट एकच, जखमेवर घरूनच हळद लावून यायचं. आपल्याकडे जरा खरचटलं तरी आधी हळदच लागते, त्यामुळे अट कुणाला जड गेली नाही.

गावातल्या हौसाने आपला कुत्रा भुऱ्या पुढे ओढला. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याच्या मांडीचा लचका तोडला होता. कान्हू डोळे फिरवून घुमला आणि त्याने तांब्यातलं तीर्थ जखमेवर ओतलं. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली.

"बघा, विख उतरलं," तो म्हणाला. "आता सुई नको, दवाखाना नको. आई पाठीशी हाय."

हौसाने हात जोडले. कान्हू तिचा मानलेला भाऊ. नवरा गेल्यापासून दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळत आली होती. भावाने सांगितलं म्हणजे विषय संपला. घरी येताच तिची सहा वर्षांची रंभा भुऱ्याच्या गळ्यात पडली. त्याने तिचा फुटलेला गुडघा चाटला, तरी हौसाने तिला हटकलं नाही.

मंगळवारी जखम चिघळली, म्हणून भुऱ्याला घेऊन ती मलम मागायला रोह्याला जनावरांच्या दवाखान्यात गेली. रांगेत पुढे कान्हूच उभा होता. हातात साखळी आणि साखळीला त्याचा स्वतःचा कुत्रा.

"हे बघा, दर वर्षी न चुकता कुत्र्याला पिसाळण्यावरची लस देतात," डॉक्टर मलिका मुकादम कान्हूकडे बोट दाखवत हौसाला कौतुकाने म्हणाल्या.

हौसाने त्यांना रविवारची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"ते तीर्थ नव्हे, चुन्याची निवळी. हळदीवर पडली की लाल होणारच, विष असो वा नसो."

"माझी आय असंच तर कुंकू करायची," हौसा पुटपुटली. मग ती कान्हूकडे वळली. "भाऊ, तुझ्या कुत्र्याला सुई, न माझ्या भुऱ्याला चुना?"

"लोकं मान देतात गो," कान्हू खाली बघत म्हणाला. "कंपनीत कोन इचारतंय मला?"

"न माझी रंभा? तिचा फुटलेला गुडघा भुऱ्यानं चाटलाय."

ज्याच्या शब्दावर तिने पोटची पोर सोपवली होती, त्याला स्वतःलाच त्या शब्दाचा भरवसा नव्हता.

डॉक्टरांनी जखम साबणाने खळखळून धुतली आणि भुऱ्याला लस टोचली. "याला वेगळं बांधून नजर ठेवा. रंभाला आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या. पिसाळण्याचा हा आजार, रेबीज, एकदा दिसू लागला की वाचवणं जवळजवळ अशक्य असतं."

पुढच्या रविवारी अंगण पुन्हा भरलं. हौसा सुया सुरू झालेल्या रंभाला घेऊन गर्दीतून पुढे आली. तिने स्वतःच्या तळहातावर हळद चोळली आणि हात कान्हूपुढे धरला.

"ओत भाऊ."

तो हलेना, तेव्हा तिनेच तांब्या उचलून ओतला. तळहात लाल झाला.

"मला तर कुत्रं चावलेलं नाय," ती सगळ्यांना हात दाखवत म्हणाली. "मग ह्ये विख कुठलं?"

लोक एकेक करून उठले आणि आपापली चावलेली माणसं-जनावरं घेऊन रोह्याच्या दवाखान्यांच्या वाटेला लागले. त्यांना कळलं ते तुम्हीही ध्यानात ठेवा. कुत्रं चावलं तर जखम साबणाने धुवा आणि थेट दवाखाना गाठा. सांगणारा सख्ख्यासारखा असला तरी तो स्वतः काय करतो, ते आधी बघा.

त्या दिवाळीत हौसाने ओवाळणीचं ताट लावलं नाही.