दिवा हिरवा कोणी केला

सकाळी नऊपासून लाल असलेला दिवा सव्वाअकराला हिरवा झाला, आणि थोरल्या वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण तिने अजून काहीच दुरुस्त केलं नव्हतं.

दिवा तिनेच लावलेला, सामानाच्या खोलीच्या दारावर. आत कागदाच्या रिळांच्या खोक्यांमध्ये एक जुना कॉम्प्युटर बसवला होता, त्याच्या पोटात काय चाललंय ते बाहेर दिव्यात दिसायचं. कंपनी दोघा भावांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची आणि दिराची. औषधांच्या दुकानांना बाटल्यांवरची लेबलं छापायचं सॉफ्टवेअर पुरवायची. पूर्वी दीर काही बदल करायचा आणि पेनड्राइव्ह खिशात घालून दुकानोदुकानी हिंडायचा. एका दुकानात नवं, दुसऱ्यात जुनं, तिसऱ्यात काय ते देव जाणे.

शेवटी वहिनीने पदर खोचला. वाचून, चुकून, पुन्हा वाचून तीन आठवड्यांत तिने सर्व्हर उभा केला. कोणीही कोडमध्ये बदल जमा केला, की या कॉम्प्युटरला आपोआप एक निरोप यायचा. वेबहूक म्हणतात त्याला, पण ती म्हणायची दारावरची टकटक. खूण पटली तरच तो दार उघडायचा, सॉफ्टवेअर पहिल्यापासून बांधायचा, एकशे चाळीस चाचण्या घ्यायचा आणि नमुन्याचं एक लेबल छापायचा. एक जरी चाचणी नापास झाली तरी दिवा लाल आणि काम तिथेच बंद. सगळ्या पास झाल्या तर नवं सॉफ्टवेअर अकराही दुकानांत पोचवूनच दिवा हिरवा.

ही टकटक आत यायला राउटरमधून वाट मोकळी करायची होती, आणि राउटरचा पासवर्ड दिराकडे. "देतो ना वहिनी, घाई काय आहे," म्हणत त्याने चार दिवस काढले. पाचव्या दिवशी जेवताना विचारलं, "काय, वहिनीचं खेळणं चाललं का?" सगळे हसले. नवराही हसला. तो राग तिने घडी घालून ठेवून दिला होता.

आज दिवा लाल का होता, तेही तिला ठाऊक होतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषध विभागाच्या प्रमुख बाई येणार होत्या. त्यांच्यावर छाप पडावी म्हणून दिराने लेबलावरचं कंपनीचं चिन्ह मोठं केलं होतं. थोडंथोडकं नाही, दुप्पट. चिन्ह फुगलं तशी खालची ओळ घसरली, आणि लांब नावाच्या औषधांच्या लेबलावरून ती पार कागदाबाहेर गेली. ओळ होती, 'पातळ करूनच द्यावे.'

सत्ताविसावी चाचणी नेमकं हेच बघायची.

तिने नोंद उघडली. अकरा वाजून चार मिनिटं, बदल करणारा दीर. चाचणी सत्तावीस वगळली. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'उगाच लाल होते.'

तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं. मग दिराचे दोन्ही बदल उलटवून जमा केले. टकटक झाली, दिवा लुकलुकायला लागला. आता हिरवा व्हायला अकरा मिनिटं.

नवरा दारात आला. "ऐकलं सगळं. पण जाऊ दे ना, बाई येऊन बसल्यात आत. नंतर बोलू."

"अहो, बाटली कुणाच्या तरी बाळाच्या तोंडात जाईल, तीही नंतरच जाईल का?" तिने फोन त्याच्या हातात कोंबला. "पहिली सहा दुकानं तुमची, पाच माझी. म्हणावं, सव्वाअकरानंतरचं एकही लेबल बाहेर जाऊ देऊ नका."

दहा दुकानांत काही गेलं नव्हतं. अकराव्यातली बाई म्हणाली, "अगं बाई, एक बाटली गेली की आत्ताच. आजी होत्या, नातवाचं औषध."

"धावा," वहिनी म्हणाली.

फोन काउंटरवर आपटल्याचा आवाज आला. मग नुसती पंख्याची घरघर. वहिनी उभीच राहिली, रिळाच्या खोक्यावर नख ओढत. खोक्याला चांगलं बोटभर भोक पडलं.

"मिळाल्या हो आजी," दुकानातली बाई धापा टाकत परत आली. "बसमध्ये एक पाय टाकलाच होता. मला काय काय बोलल्या, विचारू नका."

वहिनीने सव्वाअकराला छापून आलेलं नमुन्याचं लेबल उचललं आणि बैठकीच्या खोलीत गेली. दीर रंगात आला होता. "आमच्याकडे माणसाचा हात लागतच नाही, मॅडम. सगळं आपोआप."

तिने लेबल बाईंसमोर ठेवलं. बाईंनी चष्मा चढवला, औषधाचं नाव वाचलं.

"हे पातळ न करता देत नाहीत."

"नाही देत."

"मग तसं लिहिलेलं कुठे आहे?"

"त्या जागी आमचं चिन्ह आहे," वहिनी म्हणाली.

दीर उठला. "वहिनी, हे आपण घरात बोलू."

"बाटली घरात राहिली असती तर घरातच बोलले असते, भाऊजी."

बाईंनी लेबल पालथं करून पाहिलं, जणू ती ओळ मागे सापडेल. "हे कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"यंत्राच्या आलं. सकाळपासून दिवा लाल होता. मग कोणीतरी यंत्राचं तोंड बंद केलं." कोणी, ते तिने सांगितलं नाही. दिराने पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

बाईंनी लेबलाची घडी करून पर्समध्ये टाकली. "आज सही नको. पुढच्या आठवड्यात येईन, तेव्हा ती दिव्याची खोली दाखवा मला." बघत होत्या वहिनीकडे.

त्या गेल्यावर दीर बरंच काही बोलला. आलेलं गिऱ्हाईक घालवलंत, घरची अब्रू वेशीला टांगलीत. वहिनी दिव्याच्या खोलीत जाऊन बसली आणि यापुढे आपल्या मंजुरीशिवाय कुणालाही चाचण्यांना हात लावता येणार नाही अशी सोय करून उठली. सर्व्हरचा पासवर्डही बदलला.

चहाच्या वेळी दीर आला. "वहिनी, माझा बदल आत घेत नाहीये तुमचं ते. पासवर्ड बदललात का?"

"हो."

"मग द्या ना."

तिने कपात साखर घातली, सावकाश ढवळली. "देते ना, भाऊजी. घाई काय आहे."

नवरा या खेपेला हसला नाही. तो अकराव्या दुकानाला फोन लावून, आजी घरी नीट पोचल्या का, ते विचारत होता.