मोकळ्या हवेत टांगलेला सेन्सर

सेरेस गावात थ्रासोस काराजासला नाकाचा मिस्त्री म्हणत, आणि ते नाव गावभर पसरवण्याचे कष्ट त्याने स्वतःच घेतले होते. गाडीच्या सायलेन्सरमागे उकिडवं बसायचं, डोळे मिटायचे, दोनदा हुंगायचं आणि निकाल द्यायचा: पेट्रोल जास्त, नाहीतर हवा जास्त. तीस वर्षांत तो चुकला तो फक्त सर्दी झालेली असताना, असं त्याचंच म्हणणं. आता इतक्या सर्द्या एका माणसाला कशा होतात ते देव जाणे. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण आकड्यात दाखवणारं मीटर निघालं तेव्हा त्याने कॅफेत बसून वर्षभर त्याची टिंगल केली. ज्यांना नाक नाही त्यांनी खुशाल चष्मे लावावेत, म्हणे.

म्हणून झिनोव्हिया तेच मीटर खोक्यात घालून त्याच्या गॅरेजात आली तेव्हा गडी जरा चपापलाच. झिनोव्हिया त्याची धर्मलेक. बाप्तिस्म्याच्या वेळी तेलाने माखलेलं ते रडकं गाठोडं त्यानेच हातात धरलं होतं, तेव्हापासून तो तिचा नोनो, म्हणजे धर्मबाप; हाक मारताना ती नोने म्हणे. आता ती औषधांच्या दुकानात काम करी आणि उरलेला सगळा जीव एका जुन्या टर्बो गाडीत ओती. दोन हिवाळे खपून तिने त्या गाडीचं इंजिन जुळवलं होतं. रविवारी ती गावाबाहेरच्या ट्रॅकवर पहिल्यांदा ते पूर्ण जोरात पळवणार होती. टर्बोच्या दाबात पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन मेणासारखा वितळतो, आणि तसलं दुसरं इंजिन शोधायला तिला आणखी दोन हिवाळे लागले असते. थेस्सालोनिकीत एक लॅपटॉपवाला पोरगा हे काम चुटकीसरशी करून देतो हे तिला ठाऊक होतं. तरी ती नोनोकडे आली.

एवढा मान मिळाल्यावर थ्रासोस कसला ऐकतो! कालपर्यंत मीटरच्या नावाने नाक मुरडणारा हा बाबा एका तासात मीटरचा भगत झाला. टर्बोच्या खालच्या पाइपला त्याने भोक पाडलं आणि मीटरच्या सेन्सरसाठी नट वेल्ड केला, तोही तिरका, म्हणजे पाणी साचायला नको. हे काम त्याने खरंच सुरेख केलं. पुढे वायरिंग. इंजिनातून केबिनमध्ये वायर न्यायला एक रबरी बूच असतं, त्यातून वायर सरकवायची. यात काय आहे, असं म्हणून तो स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणा पडला, पाय सीटच्या पाठीवर. तासभर त्याच्या तोंडून सगळ्या संतांची नावं निघाली, प्रार्थनेतली नव्हेत. शेवटी वायर आली, पण खांदा अडकला, आणि शेजारच्या आर्गिरिस खाटकाने त्याला बुटांना धरून बाहेर ओढलं.

तो दिवस होता त्सिक्नोपेम्प्टीचा. लांबलचक उपवासाआधीचा मांसाचा गुरुवार. त्या दिवशी सेरेसमध्ये दुकानदार आपापल्या दारात कोळसे पेटवतात आणि गल्ल्यागल्ल्यांतून चरबीचा असा धूर उठतो की वाळत घातलेल्या चादरींनासुद्धा भूक लागावी. आर्गिरिसने खाटीकखाना आणि गॅरेज यांच्या बरोबर मधोमध शेगडी मांडली होती. थ्रासोसच्या एका हातात सॉसेज, दुसऱ्या हातात सेन्सर, आणि त्सिपुरो या कडक दारूचे दोन पेले पोटात.

झिनोव्हिया सूचनांचा कागद वाचून दाखवत होती. सेन्सर पाइपात बसवण्याआधी त्याला करंट द्यायचा आणि मोकळ्या हवेत धरायचा, म्हणजे शुद्ध हवा कशी असते ते मीटरला एकदा कळतं आणि पुढचं सगळं ते त्यावरून मोजतं. ती पुढची ओळ वाचणार तोच थ्रासोसने हात वर केला. कळलं, कळलं, मोकळी हवा. गॅरेजात कशी असेल मोकळी हवा? इथे ऑइलचा वास! मग त्याने गाडी दारात ढकलली आणि सेन्सर बाहेर शटरच्या कडीला मोठ्या दिमाखात टांगला. खाली दोन हातांवर आर्गिरिसची शेगडी रसरसत होती. मीटरचा दिवा लुकलुकला आणि हिरवा झाला. थ्रासोसने त्या हिरव्या दिव्याच्या नावाने तिसरा पेला घेतला.

मग सेन्सर पाइपात बसवून झिनोव्हियाने गाडी हमरस्त्यावर काढली, तो शेजारी बसला. टर्बोचा जोर आला की आकडा दहाच्या आसपास उतरे. म्हणजे एका भाग पेट्रोलला जेमतेम दहा भाग हवा, पेट्रोल फारच जास्त; आकडा साडेअकराच्या पुढे असायला हवा होता. पण गाडी थांबवून त्याने मागे जाऊन हुंगलं तर नाक उलटंच सांगत होतं. धुराला कोरडा, तिखट वास. पेट्रोल जास्त नाही, उलट बेताचंच आहे.

आयुष्यात पहिल्यांदा थ्रासोसला नाकाची लाज वाटली. पोरीसमोर जुनाट दिसायचं नव्हतं त्याला. आकडा म्हणजे आकडा. नाक आज चरबीने भरलंय, शिवाय ते बावन्न वर्षांचं आहे. त्याने पेट्रोलच्या दाबाचा स्क्रू थोडा थोडा मागे घेऊन पेट्रोल कमी केलं, आकडा साडेअकराच्या वर आला, आणि तो म्हणाला, "बघ. मशीन खोटं बोलत नाही. तुझ्या नोनोचं नाक आता पेन्शनीत गेलं."

झिनोव्हियाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मान डोलावली.

रविवारी ट्रॅकवर गाड्यांची रांग लागली. थ्रासोस भेटेल त्याला मीटरची महती सांगत होता. शेजारच्या गाडीवाल्याकडेही तसलंच मीटर होतं, पण तो हातात सेन्सर, बॅटरी आणि वायरींचं भेंडोळं घेऊन कुठेतरी लांब निघाला होता. थ्रासोसने विचारलं तेव्हा तो म्हणाला, इथे सगळ्यांच्या गाड्यांचा धूर आहे; या हवेला मीटर शुद्ध समजलं तर पेट्रोल आहे त्यापेक्षा जास्त दाखवेल, आणि आपण ते कमी करत बसू.

थ्रासोसला आर्गिरिसची शेगडी आठवली. रांगेत झिनोव्हियाची गाडी तिसरी होती. तो पळाला. एवढं पोट घेऊन तो वीस वर्षांत पळाला नव्हता. हेल्मेट घातलेल्या माणसांना ढकलत तो तिच्या गाडीपुढे गेला आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून उभा राहिला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. झेंडेवाला धावत आला.

"बंद कर," थ्रासोस म्हणाला. त्याला धाप लागली होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका होता. "मी त्या मीटरला शुद्ध हवा आर्गिरिसच्या शेगडीवर शिकवली. माझं नाक सांगत होतं, तेही ऐकलं नाही. पेट्रोल कमी आहे. तुझं इंजिन जळेल."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, आणि सोमवारी कॅफेत काय होणार ते थ्रासोसला तिथेच दिसलं. झिनोव्हियाने इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, आणि दोघांनी मिळून गाडी रांगेबाहेर ढकलली.

"मला माहीत होतं, नोने," ती हळूच म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"कागदावर पुढच्या ओळीत लिहिलं होतं, धुरापासून लांब. तू इतका खुश होतास. आर्गिरिससमोर कशी बोलू?"

"मग आज काय करणार होतीस?"

"हळू चालवणार होते. दोन फेऱ्या मारून सांगणार होते, पोट बिघडलंय म्हणून."

थ्रासोसला वाटलं होतं, आपण या पोरीचं इंजिन वाचवलं. पोरगी तर त्याची अब्रू वाचवायला दोन हिवाळे वाट पाहिलेला दिवस फुकट घालवणार होती, आणि त्याला पत्ताही लागू देणार नव्हती. त्याला रडू आलं, ते त्याने लपवलं नाही.

त्यांनी गाडी पार टोकाला, गव्हाच्या शेताकडेला नेली. सेन्सर काढून पुन्हा मोकळ्या हवेत धरायला पाइप निवेपर्यंत बसणं भाग होतं, म्हणजे पहिली फेरी गेलीच. वारा शेतावरून येत होता.

"झिनोव्हिया, खरं सांग," तो म्हणाला. "माझ्यापायी आणखी काय काय गप्प बसून सोसलंस?"

तिने हेल्मेट गवतावर ठेवलं.

"क्लचपासून सुरू करू, की ब्रेकपासून?"

थ्रासोसने कोट काढून गवतावर पसरला आणि तिला बसायला जागा केली.