रहमतचा घोटा

अखिल भारतीय फुटबॉल चषकाची आमच्या विभागातली पहिली फेरी यवतमाळला व्हायची होती, आणि नेमका त्याच आठवड्यात रहमतचा पाय मुरगळला. स्पर्धा बाद पद्धतीची. एकदा हरलं की हंगाम संपला. रहमत एका गॅरेजात कामाला होता आणि आमचा सेंटर फॉरवर्ड. गोल करायचे ते त्यानेच, असं बाकीच्यांनी गृहीत धरलेलं.

कप्तान भीमसिंगने त्याला बाभुळगावजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर आणलं. भीमसिंगच्या आईने, रुपीबाईने, घोट्यावर हळद-तुरटीचा गरम लेप लावला. रहमत तिला आमच्यासारखंच 'याडी', म्हणजे आई, म्हणायचा.

"याडी, हळू! पाय माहा हाय, बैलाचा नाही."

"बैल बरा. तो इतका बोंबलत नाही."

मी नुकताच बी.एस्सी. होऊन शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. मी सुतळीने त्याचे दोन्ही घोटे मोजले. सारखे भरले. सूज नव्हती, कातडीचा रंगही बदललेला नव्हता. पण बोट लावलं की रहमत कळवळायचा. मी म्हणालो, आतला सांधा दुखावला असेल, बाहेरून दिसत नसेल. सुतळी एक सांगत होती आणि मित्र दुसरं. मी मित्राचं खरं मानलं आणि त्याला शोभेल असं कारणही शोधून दिलं.

पहिली फेरी त्याच्याविना खेळलो. तो रेषेबाहेर काठी टेकून ओरडत होता. भीमसिंगने डोक्याने गोल केला आणि आम्ही जिंकलो, तेव्हा रहमत काठी टाकून मैदानात पळत आला.

"आमच्या गोलानं तुहा पाय बरा झाला का बे?" भीमसिंग म्हणाला. सगळे हसले. रहमतही हसला.

त्यानंतर तो दिसेनासा झाला. घरच्यांनी सांगितलं, नागपूरला हाडवैद्याकडे गेला आहे.

दुसऱ्या फेरीत नागपूरच्या एका गिरणीच्या संघाशी गाठ होती. तेही यवतमाळलाच आले. हिरव्या जर्सीतले खेळाडू मोटारीतून एकेक उतरत होते. त्यांच्यात रहमत होता. जर्सी हिरवी, पायात नवे बूट.

भीमसिंग पंचांकडे धावला. "साहेब, हा आमचा माणूस आहे."

"पहिल्या फेरीत तुमच्याकडून खेळला का?"

"नाही. पाय मुरगळला होता."

"मग तुम्हाला हरकत घेता येत नाही. एका संघाकडून उतरला असता, तर या हंगामात दुसऱ्याकडून खेळता आलं नसतं. हा अजून कुणाकडूनच उतरलेला नाही."

आम्ही सगळेच रहमतच्या पायाकडे बघायला लागलो.

"याडीनं लेप लावला बे तुले," भीमसिंग म्हणाला.

"पक्की नोकरी देऊन राह्यले, भीम. जन्मभर गॅरेजातच मरू का? सांगतलं असतं तं तुमी जाऊ देलं असतं?"

"इचारलं होतं का?"

रहमत मान खाली घालून आपल्या संघाकडे गेला.

मध्यंतराआधीच त्यांनी गोल केला. तो रहमतने केला नव्हता, पण चेंडू त्याच्याकडूनच गेला होता. आम्ही नेटाने खेळत राहिलो. खेळ संपत आला असताना त्यांच्या बॅकने भीमसिंगला गोलासमोर पाडलं आणि आम्हाला पेनल्टी मिळाली.

पेनल्टी मी मारायचो. नजर उजवीकडे ठेवून चेंडू डाव्या खांबाच्या बुडाशी मारायचा, ही माझी पद्धत. सरावाला गोलात रहमत उभा राहायचा, म्हणून हे त्यालाच नीट ठाऊक होतं.

मी चेंडू ठेवला. रहमत त्यांच्या गोलकीपरपाशी गेला, तोंडावर हात धरून काहीतरी बोलला आणि बाजूला होऊन माझ्याकडे बघत उभा राहिला.

तो काय बोलला, हे मला ऐकू आलं नव्हतं. नुसता धीरही दिला असेल. उजवीकडे मारणं कसंही शहाणपणाचं होतं. पण तिकडे गोल झाला असता तर रहमतने सांगितलं की नाही, हे मला कधीच कळलं नसतं.

मी डावीकडे मारला.

चेंडू पोचण्याआधीच गोलकीपर तिथे आडवा झाला होता. चेंडू त्याच्या पोटावर बसला.

शिटी वाजली. आम्ही बाद झालो. रहमत पळत माझ्याकडे आला. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

"पूनम, कायले तिकडंच मारला बे? मी तुह्यासमोर सांगतलं ना त्याले! मले वाटलं, तू पाहून बाजू बदलशीन."

भीमसिंग मागेच उभा होता. त्याने मला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं.

"तो सांगून राह्यला, हे तुले दिसत होतं?"

"हो."

"अन् तरी तिकडंच?"

"हो."

त्याने हात काढून घेतला. "मंग आज त्याईच्याकडून बारा जण खेळले म्हण."

झाडाला टेकवलेली सायकल घेऊन तो निघाला. सकाळी मी त्याच्याच मागे बसून आलो होतो. त्याने वळून पाहिलं नाही.