डाव्या हेडलाइटमागची वस्तू

डावा हेडलाइट लागला आणि घरगाडी पास झाली. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण सव्वाचारला आम्ही वाहन तपासणी केंद्राच्या आवारात, उघड्या बॉनेटपुढे, मयताला आल्यासारखे उभे होतो.

घरगाडी म्हणजे आत पलंग, ओटा आणि मोरी असलेली मोटार. आई-बाबा दोन वर्षं तिच्यातच राहतात. तिचा परवाना त्या दिवशी पाचला संपत होता. पास झाली नाही तर गाडी पुढच्या तारखेपर्यंत, म्हणजे दोन महिने, केंद्रातच अडकणार आणि ते दोघं माझ्या खोलीवर येणार. माझ्या खोलीत एक खाट आहे आणि तिच्यावर मीसुद्धा पाय दुमडून झोपतो.

नवा बल्ब बाबांच्या खिशात होता. तो बसवायचा तर बॅटरी आणि पाण्याच्या टाकीमधल्या फटीतून हात घालून, कोपरात वळवून, न बघता तारेची क्लिप सोडवायची. बाबांचा हात मनगटापर्यंत गेला. माझा तेवढाही नाही.

"ही गाडी बनवणाऱ्याला हातच नसणार," बाबा म्हणाले.

"छकुलीला बोलाव," आई म्हणाली.

छकुली म्हणजे माझी मावशी. वय बावन्न, जनावरांची डॉक्टर. अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून वासरू सरळ करण्यात तिची हयात गेली आहे. ती वीस मिनिटांत आली, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, डोळे मिटले आणि कोपरापर्यंत आत गेली.

"कसं आहे गं?" आईने दबक्या आवाजात विचारलं.

"क्लिप उलटी वळलीय. घाबरू नका."

बाबा येरझाऱ्या घालू लागले. जुना बल्ब बाहेर आला, नवा आत गेला, दिवा लागला. हात मात्र बाहेर येईना.

तपासणी अधिकारी आले. "बाई, हात काढा. बॉनेट लावल्याशिवाय पासचा शिक्का नाही."

"मुठीत काहीतरी आहे."

"मग मूठ सोडा."

"सोडली की खाली जाईल. आधी काय आहे ते कळू दे."

"काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं, आणि तिथेच ते आमच्यात आले.

"गुळगुळीत. अंड्याएवढं. तीन पाय आहेत."

"गाडीचाच पार्ट असेल," बाबा म्हणाले.

"भावोजी, हे कशालाच जोडलेलं नाही. आणि कोमट आहे."

"हलवून बघा," अधिकारी म्हणाले.

मावशीने हलवलं. टक्. तिने हलवणं थांबवलं. टक्.

मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून दमला आणि भांडायलाच उतरून आला. दोन मिनिटांनी तोही विचारत होता, "आता किती पाय?"

पाचला सात मिनिटं कमी होती.

"मावशी, सोड," मी म्हणालो.

"राहतील की दोन महिने तुझ्याकडे! काय बिघडलं?"

"मी तर तयार आहे," आई म्हणाली.

"मी खाली झोपेन," बाबा म्हणाले.

"आईबापांपुढे खाट ती काय!" ट्रकवाल्याने मला सुनावलं.

मी हट्ट सोडला नाही. मावशीने मूठ सोडली. आम्ही कान देऊन उभे राहिलो. पडल्याचा आवाज आलाच नाही.

चार अठ्ठावन्नला गाडी पास झाली. त्यानंतर आठवडाभर मला खाटेवर झोप लागलेली नाही. पुन्हा बघावं म्हटलं, तर चालू असलेल्या वस्तूला बाबा हात लावू देत नाहीत. शेवटी पुढील अर्ज टपालात टाकला आहे:

"प्रति, मा. वाहन तपासणी अधिकारी. महोदय, सदर वाहनाचा डावा बल्ब सुस्थितीत असल्यामुळे आमची फार मोठी गैरसोय होत आहे. तरी आपल्या अधिकारात तो मुदतीपूर्वी निकामी घोषित करावा, आणि तो बदलतेवेळी खाली सही करणाऱ्या सहा अर्जदारांना, ज्यांत आपण स्वतः व मागील ट्रकचे चालक आहात, हजर राहण्याची लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."