डागाखालचा शब्द

टपाल खात्यात पंचशीलाची निवड झाली आणि घोडं अडलं ते जातीच्या दाखल्यावर. तिच्याकडे दाखला होता, सरकारीच होता; पण राज्याचा. त्यावर 'बौद्ध' लिहिलेलं. नोकरी मात्र केंद्राची. केंद्राचा नमुना वेगळा, त्यात धर्मांतराआधीची मूळ जात लागते. सोमवारपर्यंत आणा, नाहीतर निवड रद्द, असं तिला तोंडावर सांगितलं.

तालुक्याच्या कचेरीत कारकून वनमालाबाईंनी सगळे कागद उलटेपालटे करून पाहिले. "सही आमचीच होते पोरी, पण नियम त्यांचा. मूळ जातीचा एकतरी पुरावा लागतो. तुमच्या घरात तर कुनाच्याच कागदावर न्हाई."

नसणारच. आजोबा ज्ञानोबांनी मुलाच्या वेळी आणि नातीच्याही वेळी शाळेत जाऊन जातीच्या रकान्यात 'बौद्ध' लिहून घेतलं होतं. तो जुना शब्द त्या घरात कुणी तोंडातूनही काढत नसे. राज्याने एवढं मान्य केलं, केंद्राला तोच शब्द हवा, आणि दोन थोरामोठ्यांच्या वाटणीत ही पोरगी चिमटीत सापडली. तिकडे फोन लावावा तर राज्याला विचारा म्हणतात, इकडे विचारावं तर नियम केंद्राचा. पंचशीलाला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाच राग येत होता.

आता एकच कागद उरला होता, आजोबांचा स्वतःचा, छप्पन सालाआधीचा. धारूरच्या डोंगराकडे त्यांचं गाव. पंचशीला आजोबांना घेऊन तिथल्या शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. नाव सापडलं. पुढे जातीच्या रकान्यात शाईचा भला मोठा काळा डाग.

"आबा, हे कुनी केलं?"

"म्याच," ज्ञानोबा म्हणाले. "बापासंगं दीक्षा घेऊन आलतो. गुरुजी पानी प्यायला गेलते. आख्खी दौत वतली. अकरा वर्सांचा व्हतो. लई आनंद झालता बघ."

दोघं परत कचेरीत आली. वनमालाबाईंनी रजिस्टरची नक्कल पाहिली. "आता यांचंच प्रतिज्ञापत्र जोडावं लागंल," त्या हळूच म्हणाल्या. "डागाखाली काय होतं ते यांनी सोताच्या हातानं लिहून द्यायचं."

"नको मला ती नोकरी," पंचशीला म्हणाली. तिला ती हवी होती, फार हवी होती.

"गप," म्हणत ज्ञानोबांनी पेन घेतलं. एकेक अक्षर काढत त्यांनी तो शब्द लिहिला. मग मान वर केली. "बाई, याच्याखाली असंबी लिवा, की ह्यो म्या सोता खोडला व्हता."

वनमालाबाईंनी राज्याचा नमुना पाहिला, केंद्राचाही पाहिला. "बाबा, त्याला दोन्हीकडं रकाना न्हाई."

ज्ञानोबांनी सही केली आणि कागद नातीकडे सरकवला.

"दाखला आला की मला वाचून दाखवू नगंस," ते म्हणाले.