बाबल्याची जागा

सहदेव परबला नोकरी लागली ती उजव्या हातामुळे. सीमारेषेवरून फेकलेला त्याचा चेंडू टप्पा न पडता थेट विकेटकीपरच्या हातात जायचा. मरोळच्या एका कंपनीतल्या साहेबांनी ते एकदा पाहिलं आणि त्याला स्टोअर्समध्ये चिकटवून टाकलं. कंपनीच्या संघात असेपर्यंत दिवसपाळी, संघातून नाव गेलं की तिन्ही पाळ्या, असा तिथला रिवाज होता. पाळ्यांचं त्याला फारसं काही नव्हतं. पण हात गेला तर आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं.

बाबल्या हा त्याचा कुत्रा, कंपनीच्या कॅन्टीनमागे सापडलेला. तांबडा, एक कान दुमडलेला, आणि डोक्याने भलताच तल्लख. संध्याकाळी चाळीमागच्या मैदानात सहदेव शिवण उसवलेला जुना सीझन बॉल फेकायचा. बाबल्या चेंडूमागे धावत सुटायचा नाही. तो आधीच पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन बसायचा आणि चेंडू आला की उचलून आणायचा.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर तो भिंतीऐवजी तिच्या बऱ्याच अलीकडे असलेल्या ताडाच्या झाडापाशी बसू लागला. होळीपर्यंत मैदानाच्या मध्यावर आला.

"आळशी झालाय लेकाचा," सहदेव म्हणाला आणि त्याने कुत्र्याला रोज एक अंडं सुरू केलं. अंड्याने बाबल्याचं अंग चमकायला लागलं, पण बसायचा तो तिथेच.

"त्येका सगळा कळता," सहदेवची बायको सुलक्षणा त्याच्या उजव्या खांद्याला तेल चोळताना म्हणाली. "तुमकाच कळना नाय. दुखता तर दुखता म्हणान सांगा एकदाचा."

"जरासा आखडलाय. अंतिम सामना झाला की बघू."

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी संघाचा कप्तान श्यामकांत चाळीत टपकला. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागलेले. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "यार, एक विचारू? सहा महिने तू स्लिपमध्येच उभा राहतोस, सीमारेषेवर जातच नाहीस. हात बरा आहे ना?"

"झकास आहे. चल, दाखवतो."

मैदानात आल्यावर सहदेवने बाबल्याला हाकलत पार भिंतीपर्यंत नेलं, दरडावून बसवलं आणि परत येऊन चेंडू घेतला. बाबल्या शहाण्यासारखा बसून राहिला. सहदेवने हात मागे नेला, तोंड वाकडं होऊ न देता. तो खांदा वर येताना बाबल्याने पाहिला मात्र, उठला, दुडकत ताड ओलांडून पुढे आला आणि मैदानाच्या मध्यावर बसला.

"अरे ए! मागे हो!" सहदेव ओरडला. कुत्रं हललं नाही. सहदेवने होता नव्हता तेवढा जोर लावला. चेंडू बाबल्याच्या पुढ्यात पडला. त्याला उठावंसुद्धा लागलं नाही.

आयुष्यभर इतरांना इकडे सरक, तिकडे सरक करणाऱ्या श्यामकांतला यापुढे काही समजावून द्यायची गरज नव्हती.

"उद्या तू बारावा, सहदेव," तो म्हणाला. "साहेबांशी पाळीचं बोलतो मी. ऐकतील की नाही, माहीत नाही."

सहदेवला आधी कुत्र्याचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं, कारण खोटं बोलून बोलून तो दमला होता. खांदा ठणकत होता. आज पहिल्यांदाच त्याने तो बाहेरच्या माणसासमोर डाव्या हाताने दाबून धरला.

बाबल्या चेंडू घेऊन आला. सहदेवने सवयीने हात पुढे केला. बाबल्याने त्या हाताकडे पाहिलं, बाजूने वळसा घातला आणि चेंडू श्यामकांतच्या बुटांपाशी ठेवला. मग तो शेपटी हलवत निघाला, मध्यावर थांबला नाही, ताडापाशीही थांबला नाही, आणि थेट भिंतीशी जाऊन वाट बघत बसला.

श्यामकांत चेंडूला हात लावीना.

"टाक," सहदेव म्हणाला. "थांबलाय तो."